वणीकडचे ते सपाट माथ्याचे डोंगर आणि खाणीत गेलेली गावं, कुणाला माहितीय का?

होटगी_रोड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, समजून घ्या.

मावसभावाच्या लग्नाला वणीला जाऊन आलो, यवतमाळ जिल्हा. सोलापूरहून गाडीनं, लातूर नांदेड यवतमाळ करत, कंबरडं मोडलं पण ते असू द्या. वणीच्या आसपास रस्त्यानं जाताना लांबून डोंगर दिसायला लागले, मी पोराला म्हणलं बघ रे डोंगर, आपल्याकडं कुठं एवढे. जवळ गेल्यावर काहीतरी विचित्र वाटायला लागलं, सगळ्यांचे माथे एकदम सपाट, वरून पट्टी मारल्यासारखे, बाजूनं पायऱ्या पायऱ्या, आणि अर्ध्यावर नुसती वेडी बाभूळ. मावसा म्हणले अरे ते डोंगर नाहीत, ओबी आहे, कोळशाच्या खाणीतली माती. मी लहान होतो तेव्हा इथं पऱ्हाटी, म्हणजे कापूस होता म्हणे.

पोरगं नऊ वर्षांचं आहे, त्यानं विचारलं मग आता ते परत खड्ड्यात का नाही टाकत. कुणालाच उत्तर देता आलं नाही. मावसा हसले नुसते.

आमचं घर होटगी रोडला आहे, फताटेवाडीच्या पॉवर प्लांटकडं जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या लहानपणी नव्हत्या, 2017 ला पहिलं युनिट चालू झालं आणि 2019 ला दुसरं, तेव्हापासून रोजचंच झालंय, गेट पडलं की डबे मोजत बसायचं. पण हा कोळसा जिथून निघतो तिथं काय होतं हे वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं, खोटं कशाला बोलू.

तर विचारायचं असं की माती परत का टाकत नाहीत? जी गावं उठली ती गेली कुठं? आणि लोक म्हणतात जमीन गेलेले सगळे करोडपती झाले ते खरं का? कारण मी एका वऱ्हाड्याकडं दोन बुलेट बघितल्या आणि घरावर पत्रे बघितले, मला काय कळलं नाही.

काय_बे_सोलापूर

काय बे, एवढं काय मनाला लावून घेतोस. एसी लावायचा नाही का आता? एप्रिलमध्ये 43 च्या वर पारा गेला की तूच ग्रुपवर लाईट गेली लाईट गेली म्हणून बोंबलत असतोस. कोळसा काय आभाळातून पडणार हाय का.

बाकी मेन मुद्दा, जेवणात काय होतं ते सांग.

खुंटी_मोजणी

मी सांगतो. मूळ बार्शीचा, पण 11 वर्षं चंद्रपूर-घुग्घुस पट्ट्यात एका ठेकेदाराकडे सर्व्हेला होतो, आता सोलापुरात प्लॉटची मोजणी करतो.

आधी पोराच्या प्रश्नाचं उत्तर, कारण प्रश्न अगदी बरोबर आहे. तुम्ही कधी विहीर खणताना बघितली असेल. काढलेला मुरूम परत त्याच विहिरीत भरायला गेलात तर मावत नाही, चांगला ढीग उरतो, कारण फोडलेला दगड फुगतो. खाणीत पण तेच. आणि दुसरं म्हणजे खाण चालू असताना खड्डा रिकामा नसतोच, त्यात शॉवेल (खोदायचं मोठं यंत्र) आणि डंपर फिरत असतात, मग पहिली काही वर्षं निघालेली माती बाहेरच टाकावी लागते, ते तुमचे डोंगर. पुढे खाण सरकली की मागच्या रिकाम्या भागात भरत जातात, त्याला बॅकफिलिंग म्हणतात. शेवटचा खड्डा मात्र तसाच राहतो, त्यात पाणी साचून तळं होतं, निळंशार दिसतं एकदम, पोरं फोटो काढायला जातात (जाऊ नये, काठ ठिसूळ असतो).

किती माती? वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, तिकडची सरकारी कोळसा कंपनी) बऱ्याच खाणीत एक टन कोळशामागे चार-पाच घनमीटर माती-दगड उचलावा लागतो, कुठं त्याहून जास्त. आता होटगीवाल्यांनी डबे मोजलेच आहेत तर पुढचा हिशोब करा. एका रेकला, म्हणजे एका आख्ख्या मालगाडीला, 58-59 डबे, म्हणजे साधारण चार हजार टन. फताटेवाडीचा प्लांट 660 ची दोन युनिटं, 1320 मेगावॅट, पूर्ण लोडवर चालला तर दिवसाला ढोबळ मानानं वीस हजार टन लागेल, म्हणजे पाच रेक. तिकडच्या खाणींचा हिशोब धरला तर एका दिवसाच्या विजेसाठी कुठंतरी ऐंशी हजार ते लाख घनमीटर माती इकडची तिकडं झाली. आणि आपल्या देशी कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे जळल्यावर सहा ते आठ हजार टन राख आपल्याकडं उरते. तिकडं मातीचा डोंगर, इकडं राखेचा.

आपल्याकडं बोअर मारताना काळा पत्थर लागला की लोक विचारतात कोळसा तर नाही ना, नाही हो, तो बेसाल्ट, लाव्हाचा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिकडचा कोळसा गोंडवाना खडकातला, पंचवीस कोटी वर्षांच्या वरचा, वर्धा नदीच्या खोऱ्यात वणी, घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, राजुऱ्याकडं सास्ती, असा पट्टा. थर पण जाड, कुठं कुठं 15-20 मीटर, म्हणून खाली बोगदा मारण्यापेक्षा वरूनच उघडून काढायला परवडतं. पूर्वी बहुतेक बोगद्याच्या खाणी होत्या, अंडरग्राउंड. 1973 ला राष्ट्रीयीकरण झालं, नंतर हळूहळू ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडलेल्या खाणी वाढल्या आणि खरं सांगायचं तर जमिनीची वाट तिथून लागली. अंडरग्राउंडला वर शेत तसंच राहतं, निदान काही वर्षं. ओपनकास्टला आधी वरचं सगळं जातं, झाड, विहीर, बांध, देऊळ, सगळं.

कायद्यानं वरची काळी माती वेगळी काढून ठेवायची असते, नंतर डम्पवर, म्हणजे त्या ढिगावर पसरायला. मी ज्या साइटवर होतो तिथं ती बाजूला काढली, बोर्ड पण लावला, आणि सहा महिन्यांनी माझ्याच डोळ्यादेखत त्यावर मुरूम पडला. मी रेषा मारून दिली होती, डंपरवाल्याला रेषा दिसत नाही ट्रिप दिसते. त्याला पैसे ट्रिपचे.

वणीची_लेक

मी वणी तालुक्यातली, चौदा वर्षांपासून सोलापूरला दिलेली. नाव गाव सांगत नाही, गाव सांगून उपयोग पण नाही आता.

तुमच्या मावसांनी हसून सोडून दिलं नं, आमच्याकडे सगळे तसंच करतात, काहून की सांगायला बसलं तर रात्र पुरत नाही.

गावं एका दिवसात उठत नाहीत हो. आधी सेक्शन 4 लागतो. 1957 चा कोळशाच्या जमिनीचा कायदा आहे, त्यातलं कलम, म्हणजे सरकार सांगतं की इथं कोळसा आहे का ते पाहणार. मग 7, म्हणजे जमीन घेणार आहोत, मग 9, म्हणजे घेतली. आमच्याकडे अडाणी म्हातारी पण बोलते, "आमाले सेक्शन नऊ लागला." ह्या 4 पासून 9 पर्यंत आणि 9 पासून पैसे हातात येईपर्यंत आमची जवळपास बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत बाबांनी विहिरीला कठडा बांधला नाही, घराला रंग दिला नाही, मोटार जळली तर नवी घेतली नाही, जाणारच आहे तर कशाला म्हणून. कुणी गावात पोरगी द्यायला तयार नाही. माझं लग्न सोलापूरला एवढ्या लांब होण्याचं ते पण एक कारण. खाण यायच्या आधीच गाव म्हातारं झालं होतं.

तोवर शेजारच्या गावातली खाण सुरू झालेली. दुपारी ब्लास्टिंग व्हायचं, आई बरोबर त्या वेळेला फळीवरची काचेची बरणी काढून खाली ठेवायची, मग धाड, मग परत वर ठेवायची. रोज. मी माहेरी गेले की तिला म्हणायची आई खालीच ठेव नं कायमची, तर म्हणे मग मांजर पाडते. आमची विहीर तीन उन्हाळ्यांत तळाला गेली कारण खाणीचा खड्डा आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी खोल, आणि तो कोरडा ठेवायला ते रात्रंदिवस पाणी उपसतात, मग आमचं पाणी तिकडे उताराला लागणारच. आणि कापूस. वणीचा कापूस पहिलेपासून नावाजलेला, पण रस्त्याच्या कडेचं आमचं वावर, कोळशाचे ट्रक दिवसभर, बोंड उमललं की दोन दिवसांत राखाडी. व्यापारी मूठभर कापूस उचलायचा, बोटानं चोळायचा, बोट बाबांना दाखवायचा आणि भाव पाडायचा. एक शब्द बोलायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा. बाबांना त्याचा जेवढा राग होता तेवढा खाणीचा पण नव्हता.

पैशाचं विचारलं तुम्ही. 2012 नंतर भाव बरे झाले, पडीक, कोरडवाहू आणि ओलिताची असे एकरी 6, 8 आणि 10 लाख, आणि दोन एकरामागे एक नोकरी. त्याच्या आधी ज्यांची गेली त्यांना कवडी मिळाली. आमची साडेचार एकर, म्हणजे दोन नोकऱ्या, आणि भाऊ तीन. पुढचं मी सांगायला नको. मोठा आणि मधला आता खाणीत जनरल मजदूर, पगार चांगला आहे, खोटं बोलणार नाही, बँकवाला स्वतःहून लोन देतो. धाकट्याला पैसे जास्त द्यायचे ठरले होते, त्यानं ते गाडी, मित्र आणि एका प्लॉटात घातले, प्लॉट एनए (बिगरशेती) निघाला नाही. आज तो मोठ्याशी बोलत नाही. रक्षाबंधनाला मी दोन घरी दोन वेळा जेवते, एकमेकांना कळू न देता.

म्हणजे तुमच्या दोन बुलेट आणि पत्रे, ते असं असतं. पैसा येतो हो, पण एकदाच येतो.

आणि ज्यांना वावरच नव्हतं त्यांचं कुणी विचारत नाही. आमच्याकडे निंदायला, कापूस वेचायला येणाऱ्या बाया होत्या, कोलाम आणि गोंडांच्या, त्यांना ना पैसे ना नोकरी, दोन एकर असतील तर नोकरी नं. त्यातली एक आता माजरीच्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेला कोळसा वेचून पोत्यात भरून विकते. मला ओळखलं तिनं. म्हणे, "पयले पांढरं येचो, आता काळं येचतो."

काय_बे_सोलापूर

ताई माफ करा. वर उगाच फालतू बोललो.

करमाळकर

आमचं गाव उजनी धरणात गेलेलं. करमाळा तालुका. मी तेव्हा नव्हतो, वडील पोरगेलेसे होते, 80 साली धरण पूर्ण झालं. त्यामुळं ताईंचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या घरात हीच गोष्ट पाण्याच्या जागी ऐकलीय. भाऊबंदकी सेम. देव हलवला तेव्हाची भांडणं सेम. पुनर्वसनाला आलेली जमीन खडकाळ होती ते वेगळं.

पण तुमच्यापेक्षा आमचं एका बाबतीत बरं म्हणायचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. पळसदेवचं देऊळ पेपरात येतं दरवर्षी, फ्लेमिंगो बघायला आलेली पुण्याची माणसं होडीतून जाऊन फोटो काढतात. आमचे वडील ज्या वर्षी धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे वापरायचं पाणी संपतं, त्या वर्षी भावकीला घेऊन जातात, चिखल तुडवत, आणि इथं आपली ओसरी, इथं उकिरडा, इथं अमक्याचा गोठा असं दाखवत बसतात. जोत्याचे दगड आहेत ना अजून. धरण मायनसमध्ये गेलं की सगळा जिल्हा रडतो आणि आमच्या घरात म्हातारा खूश. आईला त्याची लाज वाटते, लोकांपुढं बोलू नका म्हणते.

आणि गंमत म्हणजे फताटेवाडीच्या प्लांटला पाणी उजनीचंच जातंय पाइपलाइननं. म्हणजे आमच्या गावावरचं पाणी आणि कुठल्यातरी गावाखालचा कोळसा, दोन्ही येऊन होटगीला भेटतात आणि ह्या काय_बे चा एसी चालतो.

वणीची_लेक

करमाळकर भाऊ, तुमचं वाचून मी स्वयंपाक सोडून बसले. तेच तर. आमच्याकडे खाली काही नाही. पाण्याखाली निदान जोतं राहतं, आमचं जोतं ज्या जमिनीवर होतं ती जमीनच नाही, तिच्या खाली दीडशे-दोनशे फूट पण नाही. ती माती उचलून दोन किलोमीटरवर डम्पवर टाकली. मागल्या दिवाळीत मोठ्या भावाला विचारलं आपलं घर कुठे होतं रे, तो त्याच खाणीत ड्युटी करतो, तर त्यानं खड्ड्याकडे नाही, हवेत बोट दाखवलं. म्हणे ते शॉवेल दिसते नं, तिच्या वर, बरंच वर.

नवीन गाव बसवलं आहे, वाईट नाही. सिमेंटचे रस्ते, नाल्या, शाळा, समाजमंदिर, प्लॉट एका रांगेत. पण जुन्या गावात आम्ही मारुतीच्या मागं, पाटलाच्या वाड्याकडून, असं सांगायचो, आता म्हणतात प्लॉट नंबर 64. आई अजून चुकते, सगळ्या गल्ल्या सारख्या. आणि गावाला आखर नाही. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, गुरं जमायची आणि पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी राहायची ती. नकाशा काढणाऱ्यानं सगळं काढलं, आखर राहून गेलं. तसंही बैलं कुणाकडे राहिली नाहीत, वावरच नाही तर बैल काय प्लॉटवर बांधणार. पण दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मात्र जोरात होतो, आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत नेतात. बाबांनी पहिल्या वर्षी आरतीचं ताट घेऊन त्या लाकडी बैलांनाच पुरणपोळी खाऊ घातली. पोरं हसली. मी पण हसले तेव्हा.

शेंगा_चटणी_प्रेमी

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं बल्लारपूरला होतो, बाजारात तेलुगू ऐकून आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात आल्यासारखं वाटायचं. आपल्याकडं पद्मशाली मंडळी मिलच्या आणि मागाच्या मागं आली, तिकडं खाणीच्या मागं. घराशेजारी एक छत्तीसगडचे, एक आंध्राचे, एक बिहारचे, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या जत्रेला सगळे सोबत. म्हणजे खाणीनं गावं मोडली तशी वस्त्या पण वसवल्या, ते पण लिहा कुणीतरी. नुसतं रडगाणं नको.

खुंटी_मोजणी साहेब, वाघाचं खरं का? आमच्या वेळी ऐकायचो.

खुंटी_मोजणी

वाघाचं अगदी खरं. जुने डम्प वर्षानुवर्षं पडून राहिले, त्यावर वेडी बाभूळ माजली, दाट झाडोरा, खाली पाणी, रानडुकरं आली, आणि ताडोबा जवळच. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात डम्पच्या झुडपात वाघ राहतात, बिबटे वस्तीत येतात, माणसं गेलीत. आम्ही पहाटे लेव्हल लावायला जायचो तेव्हा एक माणूस नुसता डबा वाजवायला सोबत. आपल्याकडं नान्नजला माळ राखूनसुद्धा माळढोक दिसेनासा झाला आणि तिकडं मुरमाच्या ढिगावर वाघ आला, काय बोलायचं.

शेंगा_चटणी तुमचा मुद्दा बरोबर आहे, मीच त्या पगारावर घर बांधलं. सगळं वाईटच म्हणणारा मी नाही. नागपूरजवळ सावनेरला तर 2016 ला खाणीवर पर्यटन पण सुरू केलं, बाग वगैरे, लोक तिकीट काढून बघतात. ओबीतून वाळू पण काढतात, म्हणजे नदीतली तेवढी वाचते.

पण मी वर म्हणलं ना अंडरग्राउंडला शेत तसंच राहतं, निदान काही वर्षं, ते निदान मुद्दाम लिहिलं. खाली कोळशाचे खांब सोडून मधला कोळसा काढतात, पोकळीत वाळू भरायची असते. ती नीट भरली नाही किंवा खांब ढासळले तर कधी बसेल सांगता येत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर आख्खं जमिनीत गेलं, साठ-सत्तर फूट. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. नंतर आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली. मी त्या वॉर्डातून दोन वर्षं रोज चहाला जायचो. झारखंडात झरियाला तर 1916 पासून जमिनीखाली आग लागलीय, अजून विझली नाही, त्यापेक्षा आपल्याकडचं बरं म्हणायची आमच्यात पद्धत होती.

होटगी_रोड

सगळ्यांचे आभार. पोराला विहिरीतल्या मुरमाचं सांगितलं, त्याला पटलं, लगेच कुंडीतली माती उकरून परत भरून बघितली, गॅलरीभर घाण केली, बायको माझ्यावर ओरडली.

ताई, तुम्ही म्हणलात गाव सांगून उपयोग नाही, पण मी मॅपवर वणीच्या आसपास बघत बसलो होतो रात्री. सॅटेलाईट लावला की काळे काळे खड्डे दिसतात आणि त्यातल्या एका खड्ड्याच्या बरोबर मध्ये एका गावाचं नाव लिहिलेलं आहे अजून. शाळेची खूण पण आहे. तुमचंच का माहीत नाही, इथं लिहीत नाही, मेसेज केलाय.

वणीची_लेक

पाहिला मेसेज. आमचं नाही ते, पलीकडचं, माझ्या आत्याचं. आत्याला स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे शाळेची खूण चुकीच्या जागी आहे, शाळा नाल्याच्या अलीकडे होती. आता ती भाच्याच्या मागं लागली आहे की कंपनीला फोन करून दुरुस्त करून घे.

मावसभावाकडे परत जाणं झालं तर पोळ्याच्या वेळेस जा, पोराला तान्हा पोळा दाखवा, आईकडेच उतरा, प्लॉट नंबर वर लिहिलाच आहे. जाताना शेंगाचटणी न्या तिच्यासाठी. कडक भाकरी नका नेऊ, मागल्या वेळी मी नेली तर यवतमाळ येईपर्यंत चुरा झाला होता.